लक्षात ठेवायचं काम कोणाचं?

हजेरीपटावर नाव मुलाचं असतं, पण शाळेचे तारीख-वार सांभाळायचं काम बहुतेक मराठी घरांत आईकडे असतं. सोमवारी पीटीचा पांढरा गणवेश, बुधवारी चित्रकलेची वही, शुक्रवारी सहलीच्या संमतीपत्रावर सही, महिनाअखेरीला रिक्षावाल्या काकांचे पैसे. त्यात भर म्हणून गॅसचं बुकिंग, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि भाचीच्या साखरपुड्याचा आहेर. हे काम नीट चाललं तर कुणाला दिसत नाही. चुकलं की तेवढंच दिसतं.

आता समजा, हे सगळं जिच्याकडे आहे तिलाच लक्ष आणि वेळ सांभाळणं लहानपणापासून जड जातं. समजा, तिच्या नऊ वर्षांच्या मुलाचीही तीच अडचण आहे. आणि समजा, लग्नामुळे अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला तिनं मुक्त विद्यापीठात नाव घातलं आहे. हे तीन ‘समजा’ एकाच घरात येणं वाटतं तितकं दुर्मीळ नाही. अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजेच एडीएचडी, हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर मुलांमध्ये त्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास निघतं आणि प्रौढांमध्ये अडीच टक्क्यांच्या. साठ मुलांच्या वर्गात तीन मुलं, असा त्याचा ढोबळ हिशोब. निदान होईपर्यंत या माणसांना आपल्याकडे वेगळीच विशेषणं मिळतात: वेंधळी, धांदरट, आरंभशूर आणि प्रगतिपुस्तकातला तो ठरलेला शेरा, ‘हुशार आहे, पण मन लावत नाही’.

या प्रकरणात आपण आई किंवा बाबा असलेल्या आणि त्याच वेळी विद्यार्थीही असलेल्या माणसाच्या बाजूनं या विकाराकडे पाहू. तो नेमका काय अडवतो, हे इथं सर्वांत स्पष्ट दिसतं.

व्रात्य मुलापासून विसराळू आईपर्यंत

अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश डॉक्टरनं १७९८ साली मनोविकारांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यातलं एक प्रकरण लक्षाला वाहिलं. काही माणसांना एका गोष्टीवर लक्ष टिकवता येत नाही आणि हे जन्मापासून असू शकतं, असं त्यानं नोंदवलं. वय वाढलं की हा दोष सहसा कमी होतो, असंही त्याला वाटलं. हा समज पुढे फार काळ टिकला. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्यानं दिली. बुद्धीनं ठीक, पण स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचं वर्णन त्यानं केलं. मात्र तो त्याला नैतिक संयमातली उणीव म्हणाला. दोष स्वभावात शोधायची ही खोड घराघरांतून अजून गेलेली नाही.

औषध मिळालं ते योगायोगानं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली हा डॉक्टर वर्तनसमस्या असलेल्या मुलांवर उपचार करायचा. १९३७ साली त्यानं काही मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं आणि त्यातल्या निम्म्या मुलांचं अभ्यासातलं मन पाहता पाहता सुधारलं. उत्तेजक देऊन मूल शांत बसतं, हे कोडं त्या काळात कुणालाच उलगडलं नाही. १९४४ साली सिबा या स्विस कंपनीतल्या लिआंद्रो पानित्सोन या रसायनतज्ज्ञानं मेथिलफेनिडेट तयार केलं. पत्नी मार्गारीट, लाडाचं नाव रीटा, हिच्यावरून त्याला रिटालिन हे नाव पडलं. या विकारासाठी आजही सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध हेच आहे.

अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात १९६८ साली या विकाराच्या नावातच ‘बालपण’ होतं आणि भर होता चुळबुळीवर. लक्षातला दोष नावात आला तो १९८० साली, आजचं नाव १९८७ साली. मोठ्या माणसांकडे सर्वांत आधी नीट पाहिलं ते यूटा विद्यापीठातल्या पॉल वेंडर यांच्या गटानं, १९७६ मध्ये. २०१३ च्या आवृत्तीनं मोठ्यांसाठी निकष थोडे सैल केले: मुलांमध्ये नऊपैकी सहा लक्षणं लागतात, सतराव्या वर्षापासून पुढे पाच पुरतात. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, घर, शाळा, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांनी रोजच्या जगण्यात खरीखुरी अडचण व्हावी, ही अट मात्र सर्वांना सारखीच.

हा सगळा इतिहास वर्गात उड्या मारणाऱ्या मुलाभोवती फिरत राहिला. खिडकीपाशी बसून आपल्याच तंद्रीत असलेली मुलगी कुणाला त्रास देत नव्हती, म्हणून तिची नोंद कुणी केली नाही. तीच मुलगी आज पस्तिशीत आहे, दोन मुलांची आई आहे, आणि मुलाला तपासायला नेल्यावर डॉक्टरांच्या प्रश्नावलीतलं प्रत्येक वाक्य तिला स्वतःबद्दलचं वाटतं. स्वतःचा विकार मुलाच्या निमित्तानं कळण्याची ही वाट आता डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची झाली आहे.

माहीत असतं, पण वेळेवर होत नाही

एडीएचडी असलेल्या माणसाला लक्ष देताच येत नाही, हा पहिला गैरसमज. आवडीचं काम, धोका, स्पर्धा किंवा अगदी दारात आलेली मुदत असली की हाच माणूस तहानभूक विसरून तासन् तास बसतो. म्हणूनच घरचे म्हणतात, ‘मोबाइल बघताना बरं लक्ष लागतं!’ अडचण लक्ष हव्या त्या वेळी हव्या त्या जागी नेण्याची आणि काम कंटाळवाणं असलं तरी तिथं थांबण्याची आहे.

यामागे मेंदूच्या पुढच्या भागाचे आणि त्याला आतल्या भागांशी जोडणाऱ्या मार्गांचे व्यवहार आहेत. ठरवणं, थांबणं, क्रम लावणं, आठवण धरून ठेवणं ही कामं तिथं चालतात आणि त्यासाठी डोपामिन व नॉरॲड्रिनॅलिन ही रसायनं लागतात. मेथिलफेनिडेट त्यांना लगेच परत शोषलं जाऊ देत नाही. उत्तेजकानं मूल शांत का होतं, या कोड्याचं उत्तर बऱ्याच अंशी यात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मुलांच्या मेंदूची चित्रं वयानुसार तपासली. मेंदूचं बाह्यपटल सर्वाधिक जाडीला पोहोचण्याचं वय इतर मुलांत साधारण साडेसात होतं आणि एडीएचडी असलेल्या मुलांत साधारण साडेदहा. वाढीचा क्रम तोच, पण उशिरानं.

रोजच्या जगण्यात तीन गोष्टी अडतात. पहिली कार्यकारी स्मृती. एखादी गोष्ट डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याची ही जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा. इथं ओटा लहान आहे. नवीन भांडं ठेवलं की जुनं खाली पडतं. डबा भरता भरता फोन वाजला की डबा तिथंच राहतो. दुसरी गोष्ट वेळेची जाणीव. रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञानं या विकाराचा गाभाच स्वनियंत्रणाच्या आणि काळाच्या अडचणीत शोधला. अशा माणसासाठी वेळ दोनच प्रकारची असते, ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’. परीक्षा तीन महिन्यांवर असेल तर ती ‘आत्ता नाही’च्या खात्यात जाते आणि थेट आदल्या रात्री ‘आत्ता’ होते. तिसरी गोष्ट, उशिरा मिळणाऱ्या फळासाठी आत्ता कंटाळा सोसणं. पदवीचं फळ तीन वर्षांनी मिळतं, इस्त्रीचे कपडे समोरच पडलेले असतात.

यातल्या कशातही माहितीची कमतरता नाही. वेळेवर झोपावं, रोज थोडं वाचावं, मुलावर ओरडू नये, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. अडतं ते ऐन क्षणी. त्यामुळे उपदेशाचा उपयोग होत नाही, आणि उपदेशच सर्वांत जास्त मिळतो.

एकाच घरात दोघं

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता सरासरी ७४ टक्के निघते. याचा अर्थ आईला असेल तर मुलाला होण्याची शक्यता ७४ टक्के, असा नाही. माणसामाणसांत या बाबतीत जे फरक दिसतात, त्यांतला एवढा वाटा जनुकीय फरकांमुळे असतो, असा आहे. एकच दोषी जनुक नाही. बारीक परिणाम करणारी अनेक जनुकं मिळून हे घडतं. तरी आकडे बोलके आहेत. जोसेफ बिडरमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली बॉस्टनमध्ये केलेल्या अभ्यासात, एडीएचडी असलेल्या प्रौढांच्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये तोच विकार आढळला. मोबाइल, साखर किंवा ‘आईनं लाडावून ठेवलंय’ ही कारणं या हिशोबात कुठंच बसत नाहीत.

आता खरी कोंडी पाहा. अशा मुलासाठी डॉक्टर पालकांना प्रशिक्षण देतात: सूचना एका वेळी एकच द्या, रोजचा क्रम बदलू नका, चांगलं वागणं दिसताच लगेच कौतुक करा, ठरलेली शिक्षा शांतपणे आणि प्रत्येक वेळी तशीच द्या. ही यादी पुन्हा वाचली तर लक्षात येईल की नेमक्या याच गोष्टी एडीएचडी असलेल्या आईला सर्वांत अवघड जातात. एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये २००२ साली हे तपासलं. तीन वर्षांच्या मुलांच्या आयांना त्यांनी आठ आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. ज्या आयांमध्ये स्वतःचीच लक्षणं कमी होती त्यांची मुलं सुधारली. ज्यांची लक्षणं जास्त होती, त्यांच्या मुलांत सुधारणा दिसली नाही.

मग आधी आईवर उपचार केले तर? जर्मनीत १४४ माय-लेकरांच्या जोड्यांवर असा प्रयोग झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या आयांना प्रशिक्षणाआधी औषध आणि गटोपचार मिळाले, बाकीच्यांना साधं समुपदेशन. उपचारांनी आयांची लक्षणं अधिक कमी झाली, पण मुलांच्या वागण्यातला फरक दोन्ही गटांत जवळपास सारखाच राहिला. आईवरचे उपचार आईसाठी आवश्यक आहेतच. मात्र तिला गोळी दिली की घर आपोआप रांगेला लागेल, असं समजू नये.

शाळेची घंटा जाते तेव्हा

लहान मुलाभोवती शाळा एक सांगाडा उभा करते. घंटा होते, तास बदलतो, बाई वही तपासतात, घरी आई दप्तर पाहते. ‘शाळेत असताना कशीबशी निभावले, पुढे सगळं कोसळलं’ असं अनेक प्रौढ सांगतात, त्याचं कारण हेच आहे. कॉलेजात सांगाडा सैल होतो, नोकरीत वेगळा होतो आणि घरी राहणाऱ्या आईच्या वाट्याला तर तो उभारण्याचंच काम येतं.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं ते ज्यांची शिक्षणाची संधी हुकली त्यांच्यासाठीच. घर आणि नोकरी सांभाळून शिकता यावं म्हणून हजेरीची सक्ती सैल, अभ्यासाला घरपोच पुस्तकं, शंका विचारायला अभ्यासकेंद्र. इतरांना सोयीचं असलेलं हे स्वातंत्र्य एडीएचडी असलेल्या विद्यार्थिनीला मात्र महाग पडतं, कारण रोजची घंटाच नाहीशी होते. म्हणून दूरशिक्षणाला नाव घालताना तिनं पहिल्या आठवड्यातच स्वतःसाठी घंटा बसवून घ्यावी. संपर्क सत्र ऐच्छिक असलं तरी ते सक्तीचं समजावं. एखादी सहाध्यायी गाठून आठवड्याचा एक वार ठरवावा. शक्य असेल तिथं गावातल्या अभ्यासिकेत जागा घ्यावी. स्पर्धा परीक्षांची मुलं पुण्यातल्या पेठांत पैसे मोजून अभ्यासिकेत बसतात ती केवळ खुर्ची-टेबलासाठी नव्हे. शेजारी चारजण वाचत असले की आपलंही पुस्तक उघडं राहतं.

डोक्यातलं भिंतीवर

उपचारांत औषधाचं स्थान महत्त्वाचं आहे. मेथिलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन ही औषधं आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ देतात. भूक मंदावणं, झोप लांबणं, नाडी आणि रक्तदाब वाढणं असे परिणाम होऊ शकतात, म्हणून तपासण्या आणि मात्रा डॉक्टरांच्याच हातात राहिल्या पाहिजेत. मेथिलफेनिडेट अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि मिळवूही नये. मुलाच्या गोळ्या आईनं किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री मित्रानं घेऊन पाहणं धोक्याचं आहे.

औषधानं लक्ष स्थिरावलं तरी ते कुठं लावायचं, हे गोळी सांगत नाही. त्यासाठी प्रौढांसाठीची वर्तनोपचाराची पद्धत उपयोगी ठरली आहे. स्टीव्हन सॅफ्रन यांनी बॉस्टनमध्ये घडवलेल्या पद्धतीचा पाया साधा आहे: एकच दैनंदिनी, कामांची एकच यादी आणि दोन्ही रोज ठरलेल्या वेळी पाहण्याची सवय. त्यातल्या दोन युक्त्या विद्यार्थ्यांच्या विशेष कामाच्या आहेत. आपण कंटाळवाण्या कामाला सलग किती मिनिटं बसू शकतो, ते घड्याळ लावून मोजायचं आणि अभ्यासाचे तुकडे तेवढ्याच लांबीचे करायचे. बारा मिनिटं असतील तर बारा. दुसरी युक्ती, वाचताना ‘दूधवाल्याचे पैसे राहिले’ असं काही आठवलं तर उठायचं नाही. शेजारच्या कागदावर लिहायचं आणि पुन्हा ओळीवर यायचं. तुकडा संपला की कागद पाहायचा.

घरासाठीही नियम हाच: जे डोक्यात ठेवायचं ते भिंतीवर आणा. मराठी स्वयंपाकघरात दुधाचा हिशोब पिढ्यान् पिढ्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिला जातो, कारण तो लक्षात राहणार नाही हे सगळ्यांना मान्य असतं. त्याच चौकटींत मुलाचा चित्रकलेचा वार, आईच्या स्वाध्यायाची मुदत आणि औषध आणण्याची तारीख वेगवेगळ्या रंगांनी लिहावी. मुदतीच्या तारखेबरोबर काम सुरू करण्याची तारीखही लिहावी; ‘आत्ता नाही’चं ‘आत्ता’ व्हायला तीच मदत करते. गजर लावावा तो पोहोचण्याच्या वेळेचा नव्हे, चपला घालण्याच्या वेळेचा. दप्तर रात्रीच दाराशी ठेवावं. किल्ल्यांना एकच खिळा.

मुलाला सूचना स्वयंपाकघरातून ओरडून देऊ नयेत. जवळ जाऊन, नावानं हाक मारून, एका वेळी एकच काम सांगावं. संध्याकाळी दोघांनी एकाच टेबलावर आपापली पुस्तकं उघडावीत आणि एकच घड्याळ लावावं. वेळ संपल्याचं घड्याळानं सांगितलं की आईला पोलीस व्हावं लागत नाही. वाचून झालं की पुस्तक मिटून, फेऱ्या मारत, मोठ्यानं एकमेकांना सांगावं. आठवून सांगितल्यानं धडा पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त पक्का होतो, हे सर्वांच्याच बाबतीत खरं आहे. चुळबुळ्या पायांना त्यात चालायलाही मिळतं.

तपासणी कुठं आणि कशी

एडीएचडी रक्ताच्या तपासणीत किंवा मेंदूच्या चित्रात सापडत नाही. लहानपणापासूनची हकीकत, जुनी प्रगतिपुस्तकं, घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी सांगणं आणि प्रमाणित प्रश्नावल्या यांवरून निदान होतं. समाजमाध्यमावरची चित्रफीत पाहून स्वतःच ठरवू नये. झोपेचा अभाव, नैराश्य, चिंता, थायरॉइडची कमतरता यांनीही लक्ष उडतं, आणि लहान मुलांच्या आयांमध्ये यातलं काही ना काही पुष्कळदा असतं. फरक सुरुवातीत आहे. बाळंतपणानंतर विसराळूपणा आला असेल तर कारण वेगळं शोधावं. चौथीतही डबा वर्गात विसरला जात असेल, तर एडीएचडीचा विचार करावा.

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ साली पालघरहून सुरू झाला, तपासायच्या विकारांत एडीएचडीचाही समावेश आहे. शाळेतल्या तपासणीनंतर मुलाला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवता येतं. मोठ्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात जावं. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. परीक्षेतल्या सवलतींचं थोडं अवघड आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. पण हे दोन्ही बऱ्याचदा एकत्र असतात. म्हणून वाचन, लेखन किंवा गणितातही अडत असेल तर त्याची वेगळी तपासणी करून घ्यावी आणि परीक्षा विभागाकडे अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच करावा.

शेवटचं सांगणं घरातल्या बाकीच्यांना. ‘मला सांग, मी करतो’ ही मदत वाटते, पण आठवण ठेवून सांगणं हेच तर ते काम आहे, आणि ते तिच्याकडेच राहतं. त्यापेक्षा एकेक खातं पूर्ण उचला: शाळेचे निरोप बाबांचे, गॅस आणि बिलं दिराची, औषधं आजोबांची स्वतःची. बाबांनाच एडीएचडी असेल तर वाटणी उलट करा. शाळेच्या मुलाला अडचण असली की आपण त्याच्याभोवती माणसं उभी करतो. त्याची आई परीक्षेला बसली असेल तर तिच्याभोवतीही उभे राहा.